अर्थाच्या जाळ्यात आपलं नाव कोण लिहिणार?

'सिमँटिक वेब' हा शब्द काढला की संगणकातले जाणकार मित्र हसतात. "सर, ते केव्हाच संपलं. आता एआय आहे. काहीही विचारा, उत्तर तयार." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता ते मला सुविचारासारखं फळ्यावर लिहिलेलं दिसतं. माझा त्याला विरोध आहे. मी तंत्रज्ञ नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो, व्याकरण आणि संदर्भ या दोनच गोष्टी मला थोड्याफार कळतात. पण हा मसला नेमका त्या दोन गोष्टींचाच आहे, म्हणून बोलतो.

आधी जुनी गोष्ट. ऑगस्ट २००८ मध्ये 'मोझिला लॅब्ज'ने फायरफॉक्स ब्राउझरसाठी 'युबिक्विटी' नावाची एक जोड प्रयोग म्हणून खुली केली. तिच्यामागे अझा रास्किन हा तरुण होता. त्याचे वडील जेफ रास्किन यांनी अ‍ॅपलमध्ये मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू केला होता, आणि माणसाने यंत्राशी कसं बोलावं यावर त्यांनी आयुष्यभर विचार केला. युबिक्विटीचा विचार साधा होता. आपण एका पानावर पत्ता वाचतो, तो उचलून दुसऱ्या पानावर नकाशात टाकतो, तिसऱ्या पानावर ईमेल उघडतो, तिथे चिकटवतो. ही सगळी धावपळ कशासाठी? दोन बटणं दाबा, एक चौकट उघडेल, तिच्यात वाक्य लिहा: हे अमक्याला पाठव, याचं भाषांतर कर, याचा नकाशा दाखव. पानावर जो मजकूर तुम्ही निवडला असेल, तोच 'हे'. म्हणजे सर्वनामाचा अर्थ यंत्राला कळत होता! नवी आज्ञा हवी असेल तर जावास्क्रिप्टच्या दहा-बारा ओळींत ती स्वतः लिहिता येई आणि दुसऱ्यांना देताही येई. मी तेव्हा बी.एड. करून नुकताच नोकरीला लागलो होतो. एका मित्राच्या संगणकावर हा खेळ पाहिला आणि पहिला प्रश्न मास्तराचाच पडला: या चौकटीत मराठी लिहिलं तर?

इथे थोडं व्याकरण सहन करा.

इंग्रजीत आज्ञा करताना क्रियापद आधी येतं. ते टाइप केलं की यंत्राला कळतं की आता काय करायचं आहे, आणि पुढचे शब्द ते त्या क्रियापदाच्या खणांत भरतं. मराठीत आणि उर्दूत क्रियापद शेवटी. 'हे पत्र आयेशाला पाठव' यातलं 'पाठव' येईपर्यंत यंत्र दारात ताटकळत उभं. जपानीचीही तीच गोष्ट, आणि म्हणूनच हा प्रश्न मोझिलाच्या लोकांनाही पडला. २००९ मध्ये मायकेल अर्लवाइन या भाषाशास्त्राच्या तरुण अभ्यासकाच्या पुढाकाराने युबिक्विटीचा वाक्य उलगडणारा भाग नव्याने बांधला गेला. त्यांनी काय केलं? आज्ञा कोणत्याही एका भाषेच्या शब्दक्रमाला बांधायची नाही. तिला फक्त भूमिका सांगायच्या: कर्म कोणतं, कुठून, कुठे, कशाने, कोणत्या जागी, केव्हा. मग प्रत्येक भाषेने आपल्या खुणा द्यायच्या. इंग्रजीने आपली शब्दयोगी अव्ययं द्यावीत, जपानीने आपले निपात.

नववी-दहावीच्या मुलाने हे वाचलं तर तो म्हणेल, सर, हे तर कारकार्थ! कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण. ज्या तक्त्याला मुलं कंटाळतात आणि जो आम्ही चार गुणांसाठी घोकून घेतो, तो तक्ता घेऊन कॅलिफोर्नियातली माणसं ब्राउझरला बोलतं करू पाहत होती. 'पुण्याहून मिरजेला जाणाऱ्या गाड्या दाखव' यात 'हून' म्हणजे अपादान, 'ला' म्हणजे जिथे पोहोचायचं ती जागा. यंत्राला एवढं सांगितलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं मात्र मराठीत अवघड आहे, कारण प्रत्यय लागण्याआधी शब्दच बदलतो. पुणेचं पुण्या, साताराचं साताऱ्या, मिरजचं मिरजे. हे सामान्यरूप मागे फिरवून मूळ नाव शोधावं लागतं. उर्दूत 'से', 'को', 'में' सुटे असतात, त्यामुळे तिथे काम बरंच हलकं (तरी कलकत्त्याचं 'कलकत्ते से' होतंच). हे काम ना अमेरिकेतल्या अभियंत्याचं, ना एखाद्या कंपनीचं. ते मराठीच्या मास्तराचं काम होतं. आपल्याला कोणी बोलावलं नाही, हे खरं. आपण दार ठोठावलं नाही, हेही तितकंच खरं.

पुढे युबिक्विटी थंडावली. मोझिलाने तिच्यावरचं काम बाजूला ठेवलं. पण तिची खरी अडचण वेगळीच होती. चौकटीला वाक्य कळत होतं, समोरचं पान कळत नव्हतं. निवडलेली अक्षरं पत्ता आहेत, माणसाचं नाव आहे की पुस्तकाचं, हे त्या पानात कुठे लिहिलेलंच नसे. वाक्य समजणारा नोकर आणि मुकं घर, अशी गत.

घराला बोलतं करण्याचा विचार टिम बर्नर्स-ली यांनी मांडून बराच काळ झाला होता. मे २००१ मध्ये जेम्स हेंडलर आणि ओरा लॅसिला यांच्यासोबत त्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लेख लिहिला. त्यात एक भाऊ आणि बहीण आईच्या उपचारांच्या वेळा आपापल्या संगणकी मदतनिसांकरवी ठरवतात. डॉक्टर कोणते, दवाखाना किती लांब, विमा चालतो का, हे सगळं पानांवर यंत्राला वाचता येईल असं लिहिलेलं असल्यामुळे ते शक्य होतं. लिहायची पद्धत तीन पदांची: कोण, काय नातं, कोणाशी. शेख महंमद, रचना, योगसंग्राम. शेख महंमद, गाव, श्रीगोंदा. प्रत्येक पदाला एक कायमचा पत्ता, म्हणजे नाव कसंही लिहा, वस्तू एकच राहते. आपल्याकडे या शेवटच्या गोष्टीचं मोल कोणाला सांगायला नको. शेख महंमद, शेख महमद, शेख मुहम्मद, शेख मोहंमद, उर्दूत शैख़ मुहम्मद. श्रीगोंद्याचा एकच संत, पण शोधयंत्राच्या लेखी पाच अनोळखी माणसं. शाळेच्या हजेरीपटावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरं घेऊन फिरणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे जास्त नीट कळेल.

मग ते फसलं का? लेखक कोरी डॉक्टरोव याने २००१ मध्येच खिल्ली उडवली होती की लोक आळशी असतात, खोटं लिहितात आणि स्वतःला ओळखत नाहीत, मग असल्या नोंदी कोण नीट भरणार. मुद्दा खोटा नव्हता. पण 'मेलं' म्हणणारे पुढचं सांगत नाहीत. मोठ्या कंपन्यांनी हीच कल्पना उचलून आपल्या आवारात नेली. २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी एकत्र येऊन पानांवर अशा खुणा लिहिण्याची सामाईक पद्धत ठरवली, ती शोधयंत्रांच्या सोयीसाठी. 'फ्रीबेस' हा लोकांनी भरलेला मोठा माहितीसंग्रह चालवणारी कंपनी गूगलने २०१० मध्ये विकत घेतली, २०१२ मध्ये आपला 'नॉलेज ग्राफ' आणला आणि पुढे फ्रीबेसला टाळं लावलं. तुम्ही एखाद्याचं नाव शोधलं की उजवीकडे जन्मतारीख, फोटो, व्यवसाय असलेली चौकट येते ना, ते सिमँटिक वेबच आहे. ते जिवंत आहे, फक्त त्याची किल्ली आपल्याकडे नाही. एक दार मात्र उघडं राहिलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेलं विकिडेटा. त्यात दहा कोटींहून अधिक नोंदी आहेत, प्रत्येकीला क्रमांक आहे, प्रत्येक विधानाखाली संदर्भासाठी जागा आहे, आणि कोणीही तिथे लिहू शकतं. मराठीत, उर्दूतही.

आता एक प्रयोग सांगतो. घरी बसून करता येईल. युबिक्विटी गेली, तरी तिचा लहान भाऊ बऱ्याच ब्राउझरमध्ये आहे. फायरफॉक्समध्ये एखाद्या शोधपानाच्या पत्त्यात शोधशब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला लागून इंग्रजी 'एस' ठेवून बुकमार्क करा आणि त्याला एखादा छोटा शब्द द्या. क्रोममध्येही अशी सोय आहे. मग अ‍ॅड्रेस बारमध्ये तो छोटा शब्द, एक जागा सोडून हवा तो शब्द, आणि एंटर. मी अशा दोन आज्ञा केल्या आहेत. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७ च्या आवृत्तीचा, आणि तिथेच प्लॅट्सचा १८८४ चा उर्दू कोश आहे. एक आज्ञा या कोशाला, दुसरी त्या. वर्गात जाण्याआधी रोज वापरतो.

'हकीकत' शोधा, 'मसलत' शोधा, 'तारीख' शोधा. मोल्सवर्थने मराठी शब्दापुढे त्याचं मूळ नोंदवलं आहे: हा अरबी, हा फारसी, हा संस्कृत. त्याच पाद्र्यांच्या जमान्यातल्या पंडितांनी जे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, ते आजच्या कित्येक भाषाभिमान्यांना पचत नाही. पलीकडे प्लॅट्सकडे तोच शब्द अरबी धातूसकट उभा आहे. दोन्ही कोश एकाच संकेतस्थळावर, एका भिंतीआड. पण मोल्सवर्थच्या 'हकीकत'ला प्लॅट्सचा 'हक़ीक़त' आपला भाऊ आहे हे माहीत नाही. ही जोडणी मी डोक्यात करतो, तुम्हीही करता, यंत्राला ती कोणी सांगितलेली नाही. म्हणून 'मराठीत अरबी-फारसी शब्द किती आणि कोणते' असा साधा प्रश्न टाकला तर उत्तर म्हणून लेख मिळतात, मतं मिळतात, भांडणं मिळतात. मोजता येईल अशी यादी मिळत नाही. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' काढला. शंभर वर्षं उलटली. त्या कोशातला एकेक शब्द विकिडेटाच्या शब्दनोंदींत टाकून 'या शब्दावरून आला' एवढं एक विधान लिहायला विद्यापीठाच्या अनुदानाची गरज नाही. २०१८ पासून तिथे शब्दांसाठी स्वतंत्र सोय आहे. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे सोहळे २०२४ पासून चालू आहेत. सोहळ्यांवर माझा राग नाही, पण हार-तुऱ्यांत या कामाचं नाव ऐकलं नाही.

शब्दांचं सोडा. माणसांचं काय होतं ते बघा.

९ जानेवारी २०२२ ला गूगलने फातिमा शेख यांचं डूडल लावलं, १९१ वी जयंती म्हणून. आपल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप गटात ते फिरलं. अभिमानाने फिरलं. जानेवारी २०२५ मध्ये नेमक्या त्याच सुमारास समाजमाध्यमावर दावा आला की हे पात्र मुळात नव्हतंच, मी ते रचलं. आणि त्याच वेगाने तोही फिरला. त्या दोन दिवसांत आपल्या लोकांची काय अवस्था झाली ते आठवा. ज्यांच्या मोबाइलमध्ये दहा पोस्टरं होती, त्यांच्याकडे एक संदर्भ नव्हता. संदर्भ अस्तित्वात होता. १० ऑक्टोबर १८५६ चं सावित्रीबाईंचं पत्र. माहेरी, नायगावहून, जोतीरावांना लिहिलेलं. आपण आजारपणामुळे इकडे असल्याने फातिमेला कामाचा त्रास पडत असेल, अशी त्यात काळजी आहे. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते छापलेलं आहे, १९८८ मध्ये, राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने. जाणत्यांनी ते दाखवलं आणि निदान 'नव्हतीच' म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं. पण किती उशिरा, आणि किती थोड्यांपर्यंत!

इथे सिमँटिक वेबची शिस्त आठवते. तिथे 'फातिमा शेख' हे एक मोठं पोस्टर नसतं, ती सुट्या विधानांची यादी असते आणि प्रत्येक विधान आपल्या पायांवर उभं असतं. फातिमा, उल्लेख, १८५६ चं पत्र: पुरावा आहे, लिहा. जन्म ९ जानेवारी १८३१: कोणत्या कागदावरून? पोस्टरवर ते कधीच नसतं. उस्मान शेख, त्यांचं घर, शिक्षण कुठे झालं: प्रत्येकासाठी वेगळा संदर्भ शोधा. आपण काय केलं? पक्कं आणि कच्चं एकाच चौकटीत भरलं. मग विरोधकाने कच्च्या विटेला हात घातला आणि सगळी भिंत हलली. तारखेवर शंका आली की माणूसच खोटा ठरवता आला. हा दोष मी बाहेरच्यांवर टाकणार नाही. ज्या परंपरेने एकेका कथनाची रावींची साखळी तपासली, कोण कोणाकडून ऐकत होता, तो विश्वासू होता की विसराळू, याची चरित्रकोशं लिहिली, त्या परंपरेची माणसं 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' वाचून खूश होतात, हे पाहून शरम वाटते.

आता जाणकार मित्रांकडे येतो. एआयला विचारा, म्हणता. विचारलं. त्याची भाषा गोड आहे, पत्रावरचं विधान आणि पोस्टरवरची तारीख तो एकाच सुरात सांगतो. तो ढिगातून शिकला आहे, आणि ढिगात जे जास्त वेळा लिहिलं गेलं ते त्याला जास्त ओळखीचं. आपल्यासारख्यांची अडचण अशी की ढिगात आपल्याबद्दल सर्वात जास्त वेळा कोणी लिहिलंय? आपण तर नाही. युबिक्विटीच्या चौकटीत मी आज्ञा देत होतो आणि काय घडलं ते मला दिसत होतं. या नव्या चौकटीत मी विनंती करतो. उत्तर चुकलं तर दुरुस्ती कुठे करायची, हे कोणी सांगत नाही. विकिडेटात चुकलेल्या विधानाखाली संदर्भ मागता येतो, दुसरं विधान शेजारी लिहिता येतं, जुनं 'अमान्य' श्रेणीत टाकता येतं, आणि कोणी केव्हा काय बदललं याचा इतिहास राहतो. एआय वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, मीही प्रश्नपत्रिकेच्या मसुद्याला वापरतो. पण साक्षीदार म्हणून मी त्याला उभा करणार नाही.

आपल्या संस्थांबद्दलही दोन शब्द. मराठीतली कितीतरी जुनी मासिकं आणि स्मरणिका पीडीएफ करून ठेवल्या की 'डिजिटल झालं' म्हणतात. ती पानांची छायाचित्रं असतात, किंवा जुन्या फाँटांतला मजकूर, उचलला तर कचरा निघतो. उर्दूची तर आणखी मजा. इनपेजमध्ये सुंदर नस्तालीक जुळवायचं आणि पानाचं चित्र करून संकेतस्थळावर टांगायचं. माणसाला देखणं, यंत्राला आंधळं. आणि शासन निर्णय! वर लांबलचक क्रमांक असतो, म्हणजे कायमचा पत्ता झालाच. खाली 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते, म्हणजे नातीही झाली. ज्या कारकुनाने 'वाचा' ही रीत घातली त्याला मी सिमँटिक वेबचा पूर्वज मानतो. एवढं सगळं तयार असून त्या यादीतल्या एकाही ओळीवर टिचकी मारून जुना निर्णय उघडत नाही. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा कोणता नियम अजून लागू आहे हे शोधायला पालक माझ्याकडे येतात आणि मी पाच पीडीएफ उघडून बसतो.

"हे सगळं करायला वेळ कोणाला आहे?" हा प्रश्न शिक्षकांनी तरी विचारू नये. सरलमध्ये नावं आम्ही भरली, यू-डायसमध्ये आम्ही भरली, अपार आम्ही काढले. मुलाच्या रक्तगटापासून शाळेच्या नळापर्यंत सगळं खणांत भरण्याची सवय या देशात आमच्याइतकी कोणाला आहे? सरकारला हवी ती माहिती आम्ही यंत्राला समजेल अशी देतो. आपल्या गावचा दर्गा, आपल्या तालुक्यातला शाहीर, शंभर वर्षांपूर्वीची उर्दू शाळा, बंद पडलेलं साप्ताहिक, यांच्यासाठी एक खण भरायचा म्हटलं की सर्व्हर डाऊन.

मी या सुट्टीत तीन नोंदींपासून सुरुवात करतोय. एक शेख महंमद: सगळी स्पेलिंगं 'इतर नावं' या खणात, उर्दू लेबलसकट. दुसरी 'हकीकत' हा शब्द. तिसरी फातिमा. तिथे पत्राचा संदर्भ घालीन, खंडाच्या पृष्ठक्रमांकासह. जन्मतारखेच्या खणासाठी विकिडेटात एक सोय आहे, आपल्या पोस्टरांत ती कधी नसते: 'मूल्य अज्ञात' असं अधिकृतपणे लिहिता येतं. ज्याच्याकडे तारखेचा समकालीन कागद असेल त्याने तो आणावा, खण त्याच दिवशी बदलू.